रिकामी टाकी

कुपवाड एमआयडीसीत, वजनकाट्याच्या मागं माझं दुकान.
पाटीवर: नदाफ रेफ्रिजरेशन.
खाली बारीक अक्षरांत: बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, दुधाचे चिलर.
कॉम्प्युटर कुठंच लिहिलेला नाही.

श्रेयांका मगदूम आली ती एप्रिलात,
मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून,
तान्हं पोर दवाखान्यात आणावं तसा.
म्हणाली, चाचा, याच्या डोक्यावर उणे नव्वद पाहिजे.
मी म्हटलं, द्राक्षाला शून्य लागतं, आइस्क्रीमला उणे वीस,
याला काय ताप चढलाय?
याला पळायचंय, म्हणाली.

दोन कॉम्प्रेसर. पहिल्यानं दुसऱ्याचा गॅस गार करायचा.
हे कळलं. आमच्या घरात भावाभावांत असंच चालतं.
पण दुसऱ्या फेऱ्यात तिला इथिलीन भरायचं होतं.
इथिलीन!
त्यावर मिरजेत केळी पिकवतात.
फळाला पिवळं करतं,
आणि ठिणगी मिळाली तर दुकानाला.

फ्रीजचा गॅस गरीब.
मशीन थांबलं की बराचसा द्रव होऊन
तळाशी बसून राहतो.
हा बसत नाही.
सांगलीतल्या दुपारी हा द्रव होतच नाही,
कितीही दाबा.
मशीन चालू आहे तोवर शहाणा.
लाइट गेली की सगळाच्या सगळा उठून उभा राहतो
आणि जागा मागतो.

म्हणून रिकामी टाकी.
काही करायचं नाही तिनं, नुसतं रिकामं असायचं.

पोरीचा हिशेब वहीत होता:
किती ग्रॅम, किती लिटर, बेचाळीस अंशाला किती पौंड.
हिशेब बरोबर. टाकी चूक.
एकदाच भरून फेकायचा गॅसचा डबा,
भंगारातून साठ रुपयांना आणलेला, निळा, गोजिरा.
तो मी पार रिकामा केला, भोक पाडलं, बाहेर ठेवला,
आणखी कुणाला मोह नको.
माडीवरून जाड पोलादाची काढली.
रंग खरवडल्यावर ठशातले आकडे दिसले.
पाण्यानं भरली, पंपानं दाबली.
पाणीच का, चाचा?
पाण्यानं फुटली तर लुंगी भिजते, बाई.

मग चांदीचे जोड. मग नायट्रोजन.
कॉम्प्रेसर बाजूला काढून पाइपात चारशे पौंड,
जोडाजोडावर साबणाचा फेस,
आणि रात्रभर काटा तिथंच राहिला पाहिजे.
रात्री नायट्रोजन संपत आला.
वेल्डिंगचा काळा सिलिंडर शेजारीच उभा होता.
तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

मी दिवा मोठा केला. तिला स्टुलावर बसवलं.
बाबालाल उस्तादांनीही असंच बघितलं होतं,
बुधगावच्या रस्त्यावर, वीस वर्षं झाली.
नायट्रोजन आणायला माणूस गेला होता, गिऱ्हाइकाला घाई होती.
पाच मिनिटांसाठी, म्हणाले, आणि ऑक्सिजन सोडला.
आत कॉम्प्रेसरचं तेल होतं.
चष्मा सापडला, पत्र्यात रुतलेला.
काच शाबूत होती.
माझा डावा कान त्या दिवसापासून बंद आहे.

तिनं वही मिटली.
नायट्रोजन दुसऱ्या दिवशी अकराला आला.

शटर पूर्ण वर, पंखा दाराकडं तोंड करून,
दाबाचा स्विच, सुटकेचा व्हॉल्व्ह, त्याची नळी बाहेर आभाळात.
इथिलीन काट्यावर मोजून, चिमूट चिमूट.
उणे सत्तर. उणे ऐंशी.
नळीवर बर्फाची लव आली,
बोर्डाभोवती तिनं रबर आणि पुट्टी लिंपलेली,
पाण्याचा थेंब आत जायला नको म्हणून.
पडद्यावर कसलासा आकडा आला, ती टाळ्या वाजवत सुटली.
मला आकड्यातलं कळलं नाही. चहा सांगितला.

चहा यायच्या आत लाइट गेली.

दुपारचे दोन. पत्रा तापलेला.
बर्फ सुटायला लागला, काटा हलला.
शंभर. दीडशे.
ती माझ्या मागं आली, मी शटरच्या दिशेला एक पाऊल मोकळं ठेवलं.
एकशे ऐंशी.
दोनशेच्या अलीकडं काटा थांबला,
वहीत लिहिला होता तिथंच.

मी टाकीला उजवा कान लावला.
काही नाही. थेंब गळत होते तेवढेच.
ती हळूच म्हणाली, डावा पण लावा की.